फुटाला चार मिलिमीटर : छोट्या इंजिनाची घडण

वाफेचे इंजिन हे माणसाने घडवलेल्या यंत्रांपैकी सर्वांत देखणे यंत्र, असे मानणाऱ्यांची संख्या वाफेचे युग सरल्यानंतरही कमी झालेली नाही. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका आणि जपान या देशांत या प्रेमातूनच मॉडेल रेल्वेचा उद्योग उभा राहिला. तळहातावर मावणारे, तरी रिव्हेट, नळ्या आणि दांड्यांसकट मूळ यंत्राशी इमान राखणारे इंजिन दुकानात तयार मिळते आणि रुळावर ठेवताच धावू लागते. ते पाहणाऱ्याला वाटते, की मोठी वस्तू लहान केली, एवढेच काय ते! प्रत्यक्षात हे इंजिन कागदावरच्या कल्पनेपासून दुकानापर्यंत पोहोचायला बहुधा दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळात इतिहास, भूमिती, धातुशास्त्र, रंगकाम आणि बाजाराचे गणित या सर्वांशी झुंजावे लागते.

ही घडण समजून घेण्यासाठी उदाहरण म्हणून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश इंजिनाइतके सोयीचे दुसरे इंजिन नाही. १९६८ मध्ये ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ने त्याचे मॉडेल बाजारात आणले. त्यानंतर वेगवेगळ्या दशकांत ते पुन:पुन्हा नव्याने घडवले गेले, आणि प्रत्येक वेळी ग्राहकाची अपेक्षा एक पायरी वर गेलेली होती.

प्रमाणाचा तिढा

ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रमाणाला ‘डबल ओ’ म्हणतात. त्यात मूळ वस्तूचा एक फूट म्हणजे मॉडेलचे चार मिलिमीटर. अर्थात १ : ७६.२ हे प्रमाण. या हिशेबाने १४३५ मिलिमीटर रुंदीचा मूळ रूळमार्ग मॉडेलमध्ये १८.८३ मिलिमीटर रुंद हवा. परंतु ‘डबल ओ’चे रूळ केवळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. हे अंतर मुळात युरोप-अमेरिकेतील ‘एच ओ’ या प्रमाणाचे. तेथे एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, म्हणजेच १ : ८७ धरले जाते आणि हिशेब बरोबर जुळतो. ब्रिटिश इंजिने मात्र युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान. सुरुवातीच्या काळातील विजेच्या मोटारी साडेतीन मिलिमीटरच्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. तेव्हा रूळ आहे तेच ठेवून वरचे शरीर थोडे मोठे करावे, अशी तोड निघाली. १९३८ मध्ये आलेल्या ‘हॉर्नबी डब्लो’ने ती ब्रिटनमध्ये रुजवली आणि नंतर ती बदलणे कोणालाच परवडले नाही.

या तडजोडीचा परिणाम आजही प्रत्येक आरेखकाला भोगावा लागतो. मॉडेलचे रूळ मूळच्या हिशेबाने सुमारे १७८ मिलिमीटर, म्हणजे सात इंच अरुंद आहेत. त्यात मॉडेलची चाके मूळच्या मानाने जाड असतात, कारण खरी प्रमाणबद्ध चाके घरगुती रुळांवरून हमखास घसरतील. साहजिकच समोरून पाहिले असता इंजिन किंचित बारीक पायांवर उभे असल्यासारखे दिसते. ज्यांना ही विसंगती सोसवत नाही, असे हौशी कलावंत १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वत:च्या हाताने घालतात. कारखान्याला मात्र लाखो घरांतील जुन्या रुळांचा विचार करावा लागतो.

कोणत्या वर्षीचे इंजिन?

मॉडेलचा पहिला प्रश्न तांत्रिक नसून ऐतिहासिक असतो. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ करायचे हे ठरले, पण कोणते?

हे इंजिन १९२३ च्या फेब्रुवारीत डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले. सर नायजेल ग्रेझली हे त्याचे रचनाकार. तेव्हा त्याचा क्रमांक होता १४७२. पुढच्याच वर्षी वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याला नाव मिळाले आणि ४४७२ हा क्रमांकही. १९२८ मध्ये लंडन ते एडिंबरो हा सुमारे ६३० किलोमीटरचा प्रवास न थांबता करण्यासाठी त्याला खास टेंडर जोडण्यात आले. टेंडर म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी. या नव्या टेंडरमधून आरपार जाणारी चिंचोळी वाट होती आणि चालक-फायरमनांची जोडी धावत्या गाडीत तिच्यातून जाऊन बदलता येत असे. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी या इंजिनाने ताशी १०० मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाने गाठलेला असा हा पहिला प्रमाणित वेग मानला जातो.

त्यानंतर ते बदलतच गेले. १९४६ मध्ये क्रमांक आधी ५०२ आणि मग १०३ झाला. १९४७ मध्ये जुना बॉयलर जाऊन अधिक दाबाचा नवा बॉयलर आला आणि इंजिन ‘ए १’ वर्गातून ‘ए ३’ वर्गात गेले. राष्ट्रीयीकरणानंतर क्रमांक ६०१०३ झाला. १९५९ मध्ये दुहेरी धुराडे बसले, तर १९६१ मध्ये धूर वर उचलण्यासाठी धुराड्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख आले. रंगाचेही तसेच. सफरचंदी हिरवा, युद्धकाळातील काळा, पुन्हा हिरवा, राष्ट्रीयीकरणानंतरचा निळा आणि शेवटी गडद हिरवा! १९६३ च्या जानेवारीत ते सेवेतून निवृत्त झाले आणि ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतले. त्यांनी त्याला पुन्हा एकेरी धुराडे आणि ४४७२ हा क्रमांक दिला. २००४ मध्ये ते यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचे झाले. प्रदीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते रुळांवर परतले, ते ६०१०३ या क्रमांकाने, गडद हिरव्या रंगात, दुहेरी धुराडे आणि पंखांसह.

म्हणजे १९३४ च्या विक्रमाच्या दिवशीचे इंजिन ज्याला हवे आहे, त्याला आज उभ्या असलेल्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती देऊन चालणार नाही. ‘ए ३’ बॉयलरच्या अतितापकाची पेटी मोठी असल्यामुळे धुराच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना चौकोनी झाकणे बाहेर डोकावतात. १९३४ मध्ये ती नव्हती. एवढा एक चौकोन चुकीच्या काळात दिसला, तरी जाणकार ग्राहक मॉडेल खाली ठेवतो. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी कोणत्या वर्षी काय होते आणि काय नव्हते, याचा तक्ता तयार केला जातो. पुढे साचे किती आणि कसे करायचे, हे या तक्त्यावरच ठरते.

मोजमाप आणि पुरावे

माहितीचे तीन मुख्य स्रोत असतात. पहिला स्रोत कारखान्याच्या मूळ आराखड्यांचा. ब्रिटनमध्ये असे असंख्य आराखडे यॉर्कच्या संग्रहालयात आणि अन्य संग्रहांत जपलेले आहेत. पण आराखडा सांगतो तो अभियंत्याचा संकल्प. प्रत्यक्ष कारखान्यात कामगाराने काय केले, हे तो सांगत नाही. दुरुस्तीच्या वेळी एखादी नळी दुसरीकडून वळवली, एखादे झाकण बदलले, तर त्याची नोंद आराखड्यात असेलच असे नाही.

दुसरा स्रोत छायाचित्रांचा. तारीख ठाऊक असलेले एक छायाचित्र कधी कधी दहा आराखड्यांवर मात करते. मात्र जुनी छायाचित्रे बहुतांशी एकाच बाजूची, उन्हातली असतात. इंजिनाचा माथा आणि टेंडरची मागची बाजू त्यांत क्वचितच दिसते.

तिसरा स्रोत म्हणजे प्रत्यक्ष इंजिन. पूर्वी टेप आणि कॅलिपर घेऊन दिवसेंदिवस मापे घ्यावी लागत. आता लेसर यंत्र इंजिनाभोवती ठिकठिकाणी उभे करून पृष्ठभागावरील कोट्यवधी बिंदूंची नोंद करता येते. या बिंदूंच्या ढगातून संगणकावर संपूर्ण इंजिन उभे राहते. या तंत्राने वक्र पृष्ठभागांचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सोडवला. बॉयलर आणि अग्निपेटी जेथे एकमेकांत मिसळतात तेथील उतार किंवा चालकाच्या कक्षाच्या छताचा बाक टेपने मोजणे जवळजवळ अशक्य होते. तथापि लेसरला इतिहास कळत नाही. तो आजचे इंजिन मोजतो. आधुनिक सुरक्षेसाठी बसवलेली उपकरणेही तितक्याच निष्ठेने टिपतो. ती वगळून इच्छित वर्षापर्यंत मागे जाण्याचे काम माणसालाच करावे लागते.

संगणकावरील शस्त्रक्रिया

यानंतर संगणकावर मॉडेलचा आराखडा तयार होतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ इंजिनाची मापे ७६ ने भागली, की मॉडेल तयार होत नाही. सहा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ७६ ने भागला, तर ०.०८ मिलिमीटर उरतो. इतक्या पातळ फटीत वितळलेले प्लास्टिक शिरणारच नाही. त्यामुळे चालकाच्या कक्षाच्या भिंती प्रत्यक्षात कितीतरी जाड ठेवाव्या लागतात आणि खिडकीच्या कडा आतून तासून त्या पातळ असल्याचा आभास निर्माण करावा लागतो. रिव्हेटचे २५ मिलिमीटरचे डोके मॉडेलमध्ये मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होते. ते तंतोतंत केले, तर रंगाच्या थराखाली बुजून जाते. जास्त उठावाचे केले, तर इंजिनाला देवी आल्यासारख्या दिसतात.

सर्वांत मोठा अडसर वळणांचा. घरगुती रूळसंचातील प्रचलित वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. ती ७६ ने गुणली तर सुमारे ३३ मीटर होते. खरे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इतक्या तीव्र वळणाच्या वाटेलाही जाणार नाही! पण जेवणाच्या टेबलावर रूळ मांडणाऱ्या ग्राहकाकडे दुसरे वळण नसते. या इंजिनाची चाकरचना ४-६-२ अशी आहे. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी चालक चाके आणि मागे चालकाच्या कक्षाखाली दोन. वळणावर पुढची चार चाके बाजूला सरकतात आणि थेट सिलिंडरांवर आदळू पाहतात. म्हणून सिलिंडरांची मागची बाजू आतून कोरावी लागते किंवा ते किंचित बाहेर घ्यावे लागतात. मागच्या जोडीचा सांगाडा फिरता ठेवला, तर वळणावर तो चौकटीबाहेर येऊन विद्रूप दिसतो. पक्का केला, तर चाके रुळावरून उतरतात. हॉर्नबीने चालू शतकाच्या पहिल्या दशकातील आपल्या मॉडेलमध्ये यावर उपाय काढला. सांगाडा पक्का ठेवला आणि त्यात कडा नसलेली चाके बसवली, जेणेकरून ती वळणावर रुळाच्या वरून नुसती सरकतील. सरळ रुळावर उभ्या इंजिनाला हा उपाय शोभतो. वळणावर बारकाईने पाहणाऱ्याला तो खटकतो.

इंजिन आणि टेंडर यांमधील अंतराचेही असेच. मूळ यंत्रात ते जेमतेम असते, परंतु तीव्र वळणावर तेवढ्या अंतरात दोन्ही एकमेकांवर घासतात. म्हणून जोडदांड्याला दोन छिद्रे ठेवली जातात. एक कपाटात शोभेसाठी ठेवणाऱ्याकरिता, दुसरे खेळणाऱ्याकरिता.

शरीराच्या आत मोटार, दंतचक्रे, वजन आणि विद्युत्फलक यांची दाटी असते. ‘ए ३’ची अग्निपेटी रुंद असल्यामुळे मोटारीला तेथे जागा मिळते. सत्तरच्या दशकात अनेक उत्पादक मोटार टेंडरमध्ये बसवत. त्यामुळे टेंडर इंजिनाला ढकलत असे आणि इंजिन केवळ देखाव्यापुरते उरे. आज मोटार पुन्हा इंजिनात आली आहे, तर टेंडरमध्ये डिजिटल नियंत्रणाचा फलक आणि छोटा ध्वनिक्षेपक यांची सोय केलेली असते.

पोलादी साचे

आराखडा पक्का झाला, की त्रिमितीय छपाईने एक नमुना काढून पाहतात आणि मग साच्यांकडे वळतात. सर्वाधिक खर्च येथेच होतो. तपशीलवार इंजिनाच्या साच्यांचा खर्च एक लाख पौंडांच्या पुढे सहज जातो. शरीर प्लास्टिकचे, चौकट आणि वजने जस्ताच्या मिश्रधातूची. प्रत्येकासाठी स्वतंत्र साचे लागतात. प्लास्टिक थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकुंचन पावते, म्हणजे १६० मिलिमीटर लांबीच्या भागात ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. तो आधीच हिशेबात धरून साचा मोठा कोरावा लागतो. भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. आडव्या बाजूने येणाऱ्या तपशिलांसाठी बाजूने सरकणारे पोलादी ठोकळे बसवावे लागतात. असे ठोकळे जेथे एकमेकांना भिडतात तेथे भागावर बारीक रेषा उमटते. ती रेषा बॉयलरच्या पट्टीखाली लपवणे, ही कसबी आरेखकाची खूण!

इतिहासाचा तक्ता येथे पुन्हा उपयोगी पडतो. संपूर्ण शरीराचा एकच साचा न करता त्यात बदलते तुकडे ठेवले जातात. एक तुकडा बदलला की एकेरी धुराड्याऐवजी दुहेरी. दुसरा बदलला की बॉयलरवरील घुमट गोलाऐवजी लांबट. याच वर्गातील इतर इंजिनेही मग त्याच संचातून निघतात. ‘ए १’ आणि ‘ए ३’ मिळून ७९ इंजिने बांधली गेली होती आणि त्यांतील प्रत्येक नाव संभाव्य ग्राहक आहे. साच्याचा खर्च अनेक वर्षांत आणि अनेक नावांत वाटला गेला तरच व्यवसाय तगतो. आरंभी हा विचार न करता एकाच रूपाचे साचे केले, तर त्या उत्पादकाला पुढे पुन्हा तेवढाच खर्च करण्यावाचून गत्यंतर नसते.

पहिला नमुना आणि दुरुस्त्यांची यादी

साच्यातून निघालेला पहिला नमुना रंगहीन, बहुधा जो हाती असेल त्या रंगाच्या प्लास्टिकचा असतो. तो पाहून होणारा आनंद अल्पकाळ टिकतो, कारण लगेच दुरुस्त्यांची यादी सुरू होते. हातकठडे जाड झाले आहेत. धुराड्याची कड बोथट आहे. पायऱ्या किंचित वाकड्या आहेत. बॉयलर पुढच्या बाजूस केसभर खाली झुकला आहे. यांतील काही दोष जोडणीचे असतात, काही साच्याचे, तर काही मूळ आराखड्याचे. कोणता दोष कोणत्या टप्प्यावर शिरला, हे ओळखता आले नाही तर भलत्याच ठिकाणी दुरुस्ती होते.

साच्याच्या दुरुस्तीचा एक नियम येथे सांगण्यासारखा आहे. साच्यातील पोलाद आणखी कोरले, की भागावर प्लास्टिक वाढते. हे सोपे आहे. उलट भागावरील प्लास्टिक कमी करायचे, तर साच्यात पोलाद भरावे लागते. ते अवघड, खर्चिक आणि क्वचित निर्दोष होणारे काम. म्हणून अनुभवी आरेखक शंकास्पद जागी माप मुद्दाम थोडे कमी ठेवतात. मागाहून वाढवता येते, घटवणे कठीण.

दिसण्याइतकीच चालण्याची परीक्षा कडक असते. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या क्रँक एकमेकांशी नेमक्या कोनात हव्यात. त्यात किंचित फरक पडला तरी प्रत्येक फेऱ्यात इंजिन आचका देते. वाफेचा पुरवठा नियंत्रित करणाऱ्या वॉलशर्ट्स रचनेच्या दांड्या मिलिमीटरच्या अंशांइतक्या सैल ठेवाव्या लागतात. जास्त सैल झाल्या तर लोंबकळतात, घट्ट झाल्या तर अडकतात. अतिमंद गतीने चालणे, सर्वांत तीव्र वळणातून जाणे, सांधे बदलणे, ठरावीक डबे चढावर ओढणे आणि तासन् तास न थांबता फिरणे, अशा चाचण्या घेतल्या जातात. ओढण्याची शक्ती वजनावर अवलंबून असते. मूळ इंजिनाचे सुमारे ९६ टन वजन प्रमाणात घटवले, तर मॉडेल २२० ग्रॅमच्या आसपास भरावे. डब्यांचा भार ओढायला तेवढे वजन जेमतेमच पुरते. म्हणून बॉयलरच्या पोकळीत मिळेल त्या जागी धातू भरला जातो.

हा धातू कोणता, हाही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अत्यल्प अंश जरी मिसळला, तरी काही वर्षांनी ओतीव भाग आतून फुगतो, तडकतो आणि अखेर भुगा होतो. १९३० च्या दशकातील असंख्य खेळण्यांची या रोगाने वाताहत केली. त्यावरचा उपाय, म्हणजे अतिशुद्ध जस्त वापरणे, तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही चालू शतकातील काही मॉडेलांतही हा रोग पुन्हा दिसला. कारखान्यात ओतकामाच्या भट्टीजवळ शिशाचा तुकडा येऊ न देणे, ही साधी शिस्त सुटली की तिची शिक्षा ग्राहकाला दहा वर्षांनी मिळते.

रंग आणि आवाज

आकाराबद्दल आराखड्याचा दाखला देता येतो. रंगाबद्दल मात्र वाद मिटत नाही. एलएनईआर कंपनीचा सफरचंदी हिरवा नेमका कसा होता? जुने रंगीत चित्रपट आणि छायाचित्रे फिकटली आहेत, जतन केलेली इंजिने अनेकदा नव्याने रंगवली गेली आहेत, आणि आठवणींचा रंग तर प्रत्येकाचा वेगळा. शिवाय उन्हात उभ्या असलेल्या अजस्र यंत्रावर जो रंग उजळ वाटतो, तोच दिव्याच्या प्रकाशातील २८ सेंटिमीटरच्या वस्तूवर गडद भासतो. त्यामुळे पुष्कळ उत्पादक मूळ रंग किंचित फिकट करून वापरतात. बॉयलरच्या पट्ट्यांवरील पांढऱ्या-काळ्या रेषा आणि कक्षावरील क्रमांक मऊ सिलिकॉनच्या गादीने छापले जातात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र छाप लागतो. रंगीत नमुना तयार झाला, की पुन्हा तपासणी, पुन्हा यादी.

डिजिटल नियंत्रणामुळे आता आवाजही मॉडेलचा भाग झाला आहे. ग्रेझलींच्या या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे सहा फुत्कार उमटतात. दोन सिलिंडरांच्या इंजिनात ते चार असतात. हा फरक जाणकारांच्या कानांना तत्काळ कळतो. ताशी १०० मैल वेगाला चाके सेकंदाला सात फेरे घेतात, म्हणजे ४२ फुत्कार. तेथे वेगवेगळे ठोके ऐकू न येता एकसलग गुंजन होते. खऱ्या इंजिनावर ध्वनिमुद्रण करून हे सर्व चाकांच्या गतीशी जुळवले जाते.

कारखान्यात आणि बाजारात

नव्वदच्या दशकात ब्रिटिश मॉडेल उद्योगाने आपले उत्पादन चीनमध्ये, मुख्यत: ग्वांगदोंग प्रांतात, हलवले. मजुरी स्वस्त असल्यामुळे एका इंजिनावर शेकडो बारीक भाग हाताने बसवणे परवडू लागले. हॉर्नबीचे २००० मधील ‘मर्चंट नेव्ही’ वर्गाचे इंजिन या बदलाचे ठळक फळ मानले जाते. पूर्वी साच्यातच उमटवलेले हातकठडे आता स्वतंत्र तारेचे झाले. त्यानंतर स्पर्धा तपशिलांचीच सुरू झाली. पुढे चीनमधील मजुरीही वाढली, आणि आज अशा इंजिनाची किंमत दोनशे पौंडांच्या घरात किंवा त्याहून अधिक आहे.

येथेच या व्यवसायातील खरा पेच उभा राहतो. प्रत्येक स्वतंत्र भाग म्हणजे एक साचा, एक हात आणि एक संभाव्य मोडतोड. खोक्यातून काढतानाच पायरी गळून पडते, नळी निसटते. उत्पादनापूर्वी वेष्टनासह इंजिन उंचीवरून टाकून पाहण्याची चाचणी याचसाठी असते. २०१२ च्या सुमारास हॉर्नबीने काही तपशील पुन्हा साच्यातच घेऊन किंमत आटोक्यात ठेवण्याचे धोरण आखले. संग्राहकांनी त्यावर इतकी टीका केली, की त्यातून माघार घ्यावी लागली. परंतु टीका करणाऱ्यांत लहान मुले नव्हती. आजच्या तपशीलवार मॉडेलांच्या खोक्यावर ‘चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी’ अशी सूचना असते. ज्या खेळण्याने पिढ्यान् पिढ्यांना आगगाडीचे वेड लावले, ते मुलांच्या हातून सुटून वडिलांच्या कपाटात गेले. पुढील ग्राहक कोठून यायचा, हा प्रश्न या उद्योगाला आज खऱ्या अर्थाने भेडसावतो आहे. स्वस्त, दणकट संच आणि महागडी, नाजूक मॉडेले अशा दोन वेगळ्या मालिका चालवणे, हा त्यावर अनेकांनी स्वीकारलेला मार्ग.

आपल्या रुळांचा हिशेब

महाराष्ट्रातील वाचकांना हा छंद अगदीच अपरिचित नाही. पुण्यात भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून शालेय सहलींचे आवडते ठिकाण आहे. मात्र भारतीय इंजिनांची मॉडेले करू पाहणाऱ्यापुढे वर सांगितलेला प्रमाणाचा तिढा अधिकच अवघड होऊन येतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. ‘एच ओ’ प्रमाणात तिला १९.२ मिलिमीटरचे, तर ‘डबल ओ’मध्ये बरोबर २२ मिलिमीटरचे रूळ हवेत, बाजारात तयार मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे. म्हणजे एक तर भारदस्त भारतीय इंजिन अरुंद पायांवर उभे करायचे, नाही तर रुळांपासून सर्व काही स्वत: घडवायचे. माथेरानच्या दोन फुटी रुळांची गोष्ट त्या मानाने सुलभ आहे. चार मिलिमीटरच्या प्रमाणात त्यांना आठ मिलिमीटरचे रूळ लागतात आणि ‘एन’ प्रमाणातील तयार नऊ मिलिमीटरचे रूळ त्यांच्या बरेच जवळ जातात.

मॉडेलसाठी आव्हान म्हणून मुंबई-पुणे मार्गावरील ‘खेकड्या’कडेही पाहता येईल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस जी.आय.पी. रेल्वेसाठी आलेले हे मालगाडीचे विजेचे इंजिन मध्ये उंच, दोन्ही टोकांना बुटके. चाके फिरवण्यासाठी बाहेरून दिसणाऱ्या दांड्या आणि वळणावर स्वतंत्रपणे वळणाऱ्या दोन चौकटी. त्यातील एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात, तर एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते. टेप घेऊन मोजता येईल असे मूळ यंत्र हाताशी असणे, ही मॉडेलकारासाठी मोठी दौलत आहे.

कारण ती नेहमी असतेच असे नाही. ७९ इंजिनांच्या ताफ्यातून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे एकच आज शिल्लक आहे. ग्रेझलींच्याच ‘पी २’ वर्गाची सहा इंजिने १९४० च्या दशकात मोडून वेगळ्या रूपात बांधली गेली आणि पुढे भंगारात गेली. त्यांतील एकही उरले नाही. त्यांचे मॉडेल करायचे झाल्यास आराखडे, मोजकी छायाचित्रे आणि अनुमान यांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा वेळी दुरुस्त्यांची यादी करणारा माणूस नकळत इतिहासकाराचे काम करत असतो. त्याने ठरवलेली धुराड्याची उंची आणि छताचा बाक हीच पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोरची त्या इंजिनाची ओळख ठरते. अर्ध्या मिलिमीटरवरून महिनोन् महिने वाद घालणाऱ्यांचा हट्ट या दृष्टीने पाहिला, तर मुळीच अनाठायी वाटत नाही.